आतल्या खोलीतलं ऑफिस

"आई गं!" रुचिता ओरडली आणि पाठोपाठ ट्रे आदळल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरातून धावले. आतल्या खोलीच्या दारात पोहे पसरले होते, चहाचा ओघळ कपाटाखाली चालला होता, आणि माझी लेक एका पायावर उभी राहून जमिनीवरच्या पिवळ्या वायरकडे रागाने बघत होती.

"बाबा पडले असते म्हणजे?"

"मी कुठे पडलो?" हॉलमधल्या खुर्चीतून दिलीप म्हणाला. "आज पडलीस तू. परवा कामवाली. त्याच्या आधी तुझी आई. मी एकदाही नाही."

"यार बाबा, जोक नको."

वायर हॉलमधल्या राउटरपासून निघून दारातून आडवी जात टेबलाखालच्या कंप्युटरपर्यंत पोचत होती. लॉकडाउनमध्ये तात्पुरती टाकली होती. दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये तात्पुरत्या गोष्टी फार टिकतात.

दिलीप सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होता. कंपवात सुरू झाला आणि हातातली पेन्सिल सुटली, पण शिस्त राहिली. रोज आंघोळ झाली की इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि "चलो, ऑफिसला जातो," म्हणून तो हॉलमधून आतल्या खोलीत जाणार. तिथे मोठ्या पडद्यावर नागपूरचे गुलाबराव, त्याचे जुने सहकारी, बुद्धिबळाचा पट मांडून वाट बघत असत. मोबाइलवर त्याचं बोट भलत्याच घरात पडायचं. माऊस मात्र अजून ऐकायचा. डॉक्टरांचं म्हणणं असं, की जोवर ते आपणहून चालताहेत तोवर हात धरू नका.

"कंप्युटर हॉलमध्ये आणू या," रुचिता म्हणाली.

"मग जाऊ कुठे?" दिलीपने विचारलं.

म्हणून ठरलं, की वायर जाईल आणि ऑफिस तिथेच राहील. कंप्युटरला वायफाय पकडणारं अडॅप्टर आणायचं.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने नेहरू प्लेसच्या कंप्युटर बाजारात गेले. दुकानदाराने नखाएवढी वस्तू काढून काउंटरवर ठेवली. "ये लीजिए आंटीजी, सबसे छोटा. लगाके भूल जाइए. दिखेगा भी नहीं."

मला ते दिसायला हवं होतं. एवढंसं अडॅप्टर कंप्युटरच्या मागे लागणार, म्हणजे एका बाजूला पत्र्याची पेटी, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मध्ये आमचं लोखंडी कपाट. लहरींना यायला वाटच उरत नाही. मी लांब केबलवर बसणारं, उंच ठेवता येईल असं, अँटेनावालं मागितलं. त्यातही वायफायच्या दोन्ही पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, चालणारं, कारण आमच्या इमारतीत प्रत्येक घरचा राउटर एकाच पट्टीवर गर्दी करून बसलेला असतो. मग आतली चिप कुठली, आमच्या जुन्या विंडोजवर चालेल का, नाही चालली तर परत घ्याल का, असं सगळं विचारून घेतलं.

"आंटीजी," दुकानदार म्हणाला, "डोंगल ले रही हैं या दामाद देख रही हैं?"

"दामाद तो बेटी ने खुद देख लिया," मी म्हणाले. "उसका सिग्नल भी कभी-कभी जाता है."

तो एवढा हसला, की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. परत घेण्याचं मात्र त्याने बिलावर लिहून दिलं.

घरी आल्यावर अडॅप्टर टेबलावर ठेवून पाहिलं, मग खिडकीत, मग पुस्तकांच्या फळीवर. फळीवर सगळ्यात चांगलं चाललं. दुपारभर खेळ झाला, एकदाही तुटला नाही.

"दिलीप, आज तुझा चेहरा फारच स्पष्ट दिसतोय रे," गुलाबराव म्हणाले. "आधीचं बरं होतं."

"तुमचा वजीर पण स्पष्ट दिसतोय. सांभाळा."

मी वायर गुंडाळून माळ्यावर टाकली. फरशी कशी मोकळी दिसत होती.

सकाळी दिलीप शर्ट घालून निघाला आणि दारात थांबला. मला वाटलं काही आठवत असेल.

"वैजू, पाय निघत नाहीये."

पावलं जमिनीला चिकटल्यासारखी झाली होती. गुडघे नुसते थरथरत होते. मी हात धरून त्याला आत नेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने शर्टच घातला नाही. "आज सुट्टी," म्हणाला आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. गुलाबरावांचा फोन आला, "काय वहिनी, संप आहे का?" तेव्हाही ते वर्तमानपत्र खाली आलं नाही.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथे निकाल बदलला की पहिला प्रश्न असायचा, मध्ये काय बदललं? इथे माणूस तोच, दार तेच, औषध तेच. एकच गोष्ट मी स्वतःच्या हाताने काढली होती. सगळे तिच्यात अडखळत होते आणि हा एकटा तिच्यामुळे चालत होता.

फिजिओथेरपिस्ट अश्लेषाला फोन केला.

"बिल्कुल शक्य आहे, काकू," ती म्हणाली. "सपाट फरशीवर यांचं पाऊल अडतं. ओलांडायला समोर काही दिसलं की निघतं. दारात एक आडवी पट्टी लावा."

घरात चिकटपट्टी होती, पण पारदर्शक. मग फडताळात रांगोळीचा डबा सापडला. मी खाली बसले आणि दारात एक आडवी रेघ ओढली. बारीकच, घसरायला नको म्हणून.

"घरात रांगोळी? आज काय आहे?" दिलीपने वर्तमानपत्राच्या कडेवरून विचारलं.

"काही नाही. फक्त पाय पडू देऊ नकोस."

तो उठला, दारापर्यंत आला आणि थांबला. रेघेकडे बघितलं. रांगोळीवर पाय त्याच्या आईने त्याला कधी देऊ दिला नव्हता. उजवा पाय वर उचलला गेला आणि पलीकडे पडला. मग डावा.

"शर्ट बदलायचा राहिला की," आत पोचल्यावर तो म्हणाला.

"गुलाबरावांना सांग, आज कॅज्युअल आहे."

आता मी रोज सकाळी रेघ काढते. दुपारपर्यंत तिच्यावर कामवालीच्या टाचेचा ठसा उमटतो, माझ्या साडीच्या काठाने एक टोक पुसलं जातं, रविवारी रुचिता तर सरळ तुडवूनच जाते आणि "सॉरी सॉरी" म्हणते. दिलीपच्या जाण्यायेण्याची मात्र तिच्यावर काही खूण नसते.

काल दुपारी डावीकडे एक फराटा दिसला, अंगठा घासत गेल्यासारखा. कामवाली काल आलीच नव्हती. आतून दोघांचं भांडण ऐकू येत होतं. गुलाबरावांना एक चाल परत हवी होती आणि दिलीप द्यायला तयार नव्हता. तो बाहेर यायच्या आत मी वाकले, फराटा पदराने टिपला आणि तेवढा भाग नव्याने भरून टाकला.