लाईनमन जब्बारभाई

जब्बारभाईनं सळईचं एक टोक डांबरावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. गल्लीतल्या बायका चिडीचूप. पुंडलिकनगरात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि इथं भर रस्त्यात वाहत होतं. कुणाचा जीव राहील?

मी माझ्या हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर गंभीर तोंड करून उभा. अवघड जात होतं, कारण हे लिकेज मीच केलेलं होतं. सकाळी सकाळी, चार बादल्या ओतून.

जब्बारभाई एकतीस वर्षं आमच्या भागाचा लाईनमन. जमिनीखाली पाईप कुठं फुटलाय, हे खोदायच्या आधी ऐकून सांगायचा. रिटायर होऊन सहा महिने झाले आणि माणूस पलंगावरून उठेना. जेवण नाही, बोलणं नाही, भिंतीकडं तोंड. मग अख्खी गल्ली डॉक्टर झाली. सारजाबाई म्हणाली, नजर लागली. तात्यासाहेब म्हणाले, रिकामपण, दुसरं काय. पोरगा पुण्याहून म्हणाला, अब्बा मोबाईल लई बघतात. घाटीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं चल म्हटलं, की जब्बारभाईचं एकच, "तिथं पागल जातात."

शेवटी त्याची बायको अमिनाभाभी दुकानात आली. "नानाभाई, तुमचं ऐकतेत ते. कुछ करो. काल म्हणले, जगून काय करू."

मी जन्मभर लोकांची टर उडवलेली. मला औषध तेवढंच येतं. म्हटलं, हाताला काम दिलं की उठंल.

तर उठला. सळई बाजूला ठेवली, ओल्या डांबरावर बोट घासलं आणि जिभेला लावलं.

"लाईन ठीक आहे," जब्बारभाई म्हणाला. "हे बोअरचं पाणी. असलं खारट बोअर गल्लीत एकाच्याच घरी आहे."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"तेवढ्यात माझं आठवड्याचं धुणं निघालं असतं, मुडद्या," सारजाबाई म्हणाली.

मी शिव्या खात होतो, पण आतून फुगलो होतो. सहा महिने पडलेल्या माणसाची जीभ अजून घराघराचं पाणी ओळखते. सांगा, आहे का असा दुसरा कुणी?

त्याला घरी सोडायला गेलो. पलंगावर बसला आणि म्हणाला, "नाना, तुला वाटलं, रिकामा बसलो म्हणून असं झालं?"

"मग?"

"नोकरीत होतो तवाच सुरू झालं. व्हॉट्सॲपवर गल्लीगल्लीचे पाण्याचे ग्रुप निघाले, सगळ्यांत मला घेतलं. पहाटपासून टिंगटिंग. वरच्या टाकीतच पाणी नाय, तर मी काय घरून आणू? पण शिव्या मला. फोन वाजला की छाती धडधडायची. आता ग्रुप सोडले, तरी धडधड जात नाय. झोप तर तवाच गेली."

त्यानं मोबाईल काढला, बोटानं फोटो सरकवत गेला आणि एकावर थांबला. टपरीवर चहा पिणारा जब्बारभाई. खाली लिहिलेलं, 'गल्ली तहानलेली, लाईनमन चहात बुडालेला.'

फोटो मी काढला होता. ओळ माझी होती. लई चालली होती, पार करमाडपर्यंत फिरली. त्या दिवशी जब्बारभाई दुकानात येऊन माझ्याबरोबर हसला होता.



"तू एकटा नाय रे," तो म्हणाला. "असे तीनशे होते. बाकीचे पुसून टाकले. हा पुसवंना. दोस्ताचा होता."

मी म्हटलं, "उद्या घाटीत चल. मी येतो."

"तिथं मसखरी करशील."

"नाय करत."

"तोंड बंद ठेवशील?"

"ठेवतो."

"बघू," म्हणाला. पण सकाळी गेलो, तर दाढी करून तयार.

ओपीडीच्या बाकावर अर्ध्या लोकांनी तोंडाला रुमाल बांधलेले. समोरचा एक रुमाल जरा खाली सरकला. आमच्याच गल्लीतले तात्यासाहेब.

"जब्बार? इकडं कुठं?" आणि घाईघाईनं, "मी आपला एका पेशंटसंगं आलोय."

माझ्या जिभेवर तयार होतं, कान दाखवायला आलाय म्हणून. पण शब्द दिला होता. दात आवळून बसलो.

जब्बारभाई मात्र सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मनाच्या डॉक्टरकडं, तात्यासाहेब. दोन-अडीच साल झाले, कशात जीव लागत नाय. पेशंट मीच."

"कशानं झालं म्हणायचं?" तात्यासाहेबांनी हळूच विचारलं.

"लई गोष्टींनी. एकच असती, तर मीच बंद केली असती."

आतून पुकारा झाला, "शेख जब्बार."

जब्बारभाई उठला. शर्ट खाली ओढून सरळ केला आणि म्हणाला, "हाजिर." मी हात पुढं केला होता. तो न धरता, रुमालवाल्यांच्या रांगेपुढून, उघड्या तोंडानं चालत आत गेला. एवढ्या वर्षांत कुणाच्या चालीचा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

तात्यासाहेब दाराकडं बघत राहिले. मग त्यांनी रुमाल सोडून खिशात कोंबला. त्याच खिशातून चार घड्या घातलेला केसपेपर काढला आणि मांडीवर ठेवून तळहातानं सरळ करू लागले. वर नाव त्यांचंच होतं.

मी त्यांच्यासाठी सरकून शेजारी जागा केली.