दाजींचा हात

"सरळ धर. आता थांबायचं नाही," दाजी मेव्हण्याला म्हणाले.

रोटर, मोटरचा फिरणारा पोकळ गाभा, ओव्हनमधून तापून बाहेर आला होता. खाली शाफ्टचा पोलादी दांडा उभा बांधलेला. त्याच्यावर रोटर एका दमात सोडायचा. गार होता होता तो आवळून बसतो, मग मोटर आणि मशीनचं हत्यार फिरवणारा कणा, म्हणजे स्पिंडल, एकजीव. वेगवान मशीनच्या या स्पिंडलला पट्टा नाही, गिअर नाही, मोटर पोटातच. रोटर मध्ये अडकला, तर दोन्ही वाया गेले म्हणून समजायचं.

हे काम दाजी आणि त्यांचा मेव्हणा वर्षानुवर्षं मिळून करत आले होते. मेव्हणा दाजी म्हणतो म्हणून अख्खं वर्कशॉप त्यांना दाजी म्हणे, मालकसुद्धा. एवढी मोठी सासुरवाडी, पण मानपान कुणी करत नाही, अशी त्यांची कायमची तक्रार.

हल्ली दाजींचा उजवा हात थरथरायचा. बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. शर्टाचं बटण लागेना की शिंप्याला नावं ठेवायची. रोटरचं काम गेलं तर इथे आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती त्यांनी मनातच ठेवली होती.

नेमका आता हात थरथरला. रोटर केसभर कलला, अर्ध्यावर अडकला आणि बघता बघता आवळून बसला.

मालक धावत आले. या स्पिंडलवाचून गिऱ्हाइकाचं मशीन बंद होतं, सकाळपासून त्याचे फोन चालू होते. कुणाचं चुकलं, हे मालकांनी विचारायच्या आतच मेव्हण्याने सांगून टाकलं, की माझ्याकडून तिरका धरला गेला. मालकांनी त्याला फैलावर घेतलं. पुन्हा रोटरला हात लावायचा नाही, उद्यापासून पॅकिंगला बस, म्हणाले. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

दाजींना क्षणभर हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

"मालक, त्याचं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "माझा हात थरथरतो. मी लपवलं."

मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, कशाला सांगितलंत? मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो."

दुसऱ्या दिवसापासून मेव्हण्याला नवा जोडीदार मिळाला आणि दाजी चाचणीच्या टेबलाशी बसले. नवी बेअरिंग घातलेला स्पिंडल एकदम पळवायचा नसतो. थोडा थोडा वेग वाढवायचा, तापतोय का बघायचं, पुन्हा वाढवायचा. घाई करून चालत नाही. दाजींना ते बसून राहणं जड जात होतं.

दुपारी चाचणीला लावलेला दुसरा एक स्पिंडल पूर्ण वेगाला पोचला. किती तापलाय ते बघायला दाजींनी उजवा हात त्याच्या कवचावर टेकवला. आत मोटर भन्नाट फिरत होती आणि कवच जराही हलत नव्हतं. त्याच्यावर एकटा त्यांचा हात थरथरत होता.

समोरून मेव्हणा आणि त्याचा नवा जोडीदार येत होते. दाजींनी हात तिथेच राहू दिला.