दुसरी वायर

राऊटरच्या बाबतीत ती कुणाचंच ऐकून घेत नसे. सख्ख्या बापाचं तर मुळीच नाही. आई गेल्यावर बाबा एकटे राहू लागले, तेव्हा तिने एका जुन्या कॉम्प्युटरवर फुकटातली, सगळ्यांना खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टीम घातली, त्याचाच राऊटर बनवला आणि बाबांच्या घरी बसवला. तसाच एक तिच्या ऑफिसात, जिथे ती कंपन्यांची नेटवर्क सांभाळायची. दोन्ही राऊटर क्षणाक्षणाला एकमेकांना विचारायचे, आहेस ना? लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही, की लिंक तुटली असं धरून तिच्या मोबाईलवर इशारा यायचा.

आणि तो यायचाच. दुपारची जेवणं झाली की हटकून.

“बाबा, नेट गेलंय का?”

“गेलंय वाटतं. तू जेवलीस का?”

मग गुडघा, शेजारीण, गळका नळ, सगळी कहाणी ऐकून घ्यावी लागे. फोन ठेवला की थोड्या वेळात लिंक पुन्हा जोडलेली. राऊटरच्या नोंदी बघून तिला कळत होतं की वायरच निघते आहे. तिने सगळा दोष सॉकेटला दिला आणि सॉकेट बदलून टाकलं.

“जगाच्या लाईनी सुधारतेस आणि बापाची तेवढी लटकलेली!” शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. हे तिला फार झोंबलं.

रविवारी ती बाबांकडे गेली. कपाटावर सिग्नल चांगला मिळत होता, तिथे सिमकार्डवर चालणारा नेटचा मोडेम ठेवून तिने दुसरी वायर राऊटरला जोडली. आता एक लिंक तुटली की डोळ्याचं पातं लवायच्या आत काम दुसरीवर जाणार होतं. इशारा फक्त दोन्ही तुटल्या तरच.

“म्हणजे एक गेली तर तुला कळणारच नाही?” बाबांनी विचारलं.

“कळायची गरजच नाही आता.”

बाबा कपाटावरच्या वायरकडे बघत राहिले.

इशारे थांबले आणि तिला हायसं वाटलं. फोनही थांबले होते, ते मात्र तिच्या गावीही नव्हतं. कामाच्या रगाड्यात आईबाप असेच मागे पडतात, आणि आपण म्हणतो, सगळं कसं सुरळीत चाललंय.

मग एका दुपारी, मीटिंग चालू असताना इशारा आला. दोन्ही लिंक बंद. ती उठून बाहेर आली. तिने फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. शेवटी शेजारणीला लावला. बाबांच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची; फोन चालू ठेवूनच ती आत गेली.

“अगं, लवकर ये,” शेजारीण धापा टाकत म्हणाली. “जमिनीवर पडलेत. स्टूल आडवं झालंय. कपाटावरची वायर हातात आहे त्यांच्या.”

हॉस्पिटलात बाबांचं खुब्याचं हाड मोडल्याचं कळलं. तिला रडूही येत होतं आणि संतापही.

“या वयात स्टुलावर चढायचं काय नडलं होतं तुमचं?”

“खालची वायर काढूनच ठेवली होती गं. पूर्वी काढली की तुझा फोन यायचा. आता येईना. म्हटलं, वरचीही ओढून बघू.”

तिने त्यांचा हात धरला.

“पडलो तेव्हा वाजत होता फोन,” बाबा म्हणाले, आणि तेवढ्या दुखण्यातही त्यांचा चेहरा उजळला. “उचलता आला नाही. पण लगेच केलास हो!”