तात्यांचा लंडनचा कोट

मी एक जुना, जाड लोकरीचा काळा कोट आहे. उज्जैनच्या हवेत माझा फारसा उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. मला शिवलं लंडनमध्ये, उज्जैनहून तिथं कायदा शिकायला गेलेल्या तात्यांसाठी.

मित्रांनो, तिथल्या वर्गात थंडी फार. तात्या मला गळ्यापर्यंत बंद करून बसत. एकदा प्राध्यापक सांगत होते, लोकांच्या संमतीशिवाय त्यांच्यावर राज्य करण्याचा अधिकार कोणालाच नाही. तात्या उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "हे हिंदुस्थानलाही लागू आहे का, सर?" वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. तात्या खाली बसले आणि माझी कॉलर वर ओढून त्यांनी तोंड लपवलं. त्यानंतर ते इटलीचा, आयर्लंडचा इतिहास झपाटल्यासारखे वाचू लागले. साहेबाच्याच पुस्तकांनी त्यांना साहेबाचं राज्य नकोसं केलं.

परत आल्यावर ते गावातल्या तरुणांना जमवून हेच सांगत. मग विदेशी कपड्यांची होळी झाली. तात्यांनी हॅट, टाय, सदरे आगीत टाकले. मला मात्र हातावरच धरून ठेवलं.

"आणि हा, तात्या?" त्यांचा मित्र विष्णू ओरडला.

"हा नाही. गुलामीची लाज मला पहिल्यांदा वाटली ती ह्या कोटात. ती आठवण मी जाळणार नाही."

"आठवणीला बाह्या लागतात होय?"

लोक खो खो हसले. पुढे तात्या खादी घालून तुरुंगात गेले, तरी गाव त्यांना शेवटपर्यंत 'आधा साहब' म्हणत राहिलं. मला त्यांनी पुन्हा अंगात घातलं नाही. दिवाळीआधी ऊन दाखवीत आणि नातीला, रजनीला, त्या वर्गातली गोष्ट सांगत.

रजनी आता ऐंशीची आहे, उज्जैनच्याच फ्रीगंज भागात मुलाकडे राहते. यंदा नातवाच्या शाळेतल्या पंधरा ऑगस्टच्या नाटकासाठी तिच्या सुनेनं, पूजानं, मला ट्रंकेतून काढलं.

"अगं, तो तात्यांचा आहे!"

"हो आई, विलायती आहे म्हणूनच तर! आपला अर्णव अंग्रेज अफसर झालाय ना."

"पण तात्या तर त्यांच्याविरुद्ध..."

"आजी, रहने दो ना, देर हो रही है!" अर्णव म्हणाला.

शाळेच्या मंचावर अर्णव मला घालून चाबूक फिरवत चालला. "भगाओ, भगाओ!" मुलं ओरडली. क्रांतिकारक झालेल्या पोरांनी मला धरून ओढलं आणि माझी बाही खांद्यापासून फाटली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत रजनी उभी राहून काहीतरी सांगत होती. लाऊडस्पीकरवर गाणं सुरू झालं होतं. कुणीतरी तिला हात धरून खाली बसवलं.

तात्यांना निदान 'आधा' म्हणत. माझ्या वाट्याला तेवढंही आलं नाही, मी पुरता साहेब ठरलो. पूजानं मला शाळेलाच देऊन टाकलं. दर वर्षी कामाला येईन म्हणे.

मित्रांनो, वस्तू ट्रंकेत ठेवली म्हणजे जपली असं होत नाही. ती कोणाची, कशासाठी राखली, हे सांगणारं माणूस घरात असेल तोवर विचारून घ्या. रजनी अजून आहे. तिला अजून कोणी विचारलेलं नाही.