बुधरीची हाळी

बुधरीचा गळा म्हणजे गावाला फुकटात मिळालेला भोंगा. ती बोलली तरी भांडल्यासारखं वाटायचं, आणि भांडली तर विचारूच नका. पण मोहफुलांच्या दिवसांत त्याच गळ्याच्या भरवशावर बाया जंगलात शिरायच्या.

मोह पहाटे गळतो, म्हणून पहाटेच वेचावा लागतो. ज्याची त्याची झाडं ठरलेली, एक इथं तर दुसरं तिकडं. वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला बाई वाटत नाही, जनावर वाटते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून मधूनमधून हाळी द्यायची. एकीनं "कूऽऽ" केलं की जी जवळ असेल तिनं "ओऽऽ" करायचं. ओ आली नाही तर साऱ्यांनी फुलं टाकून, काठ्या आपटत तिकडं धावायचं. दुसरा काय बंदोबस्त असणार गरिबाजवळ? बुधरीची झाडं सगळ्यांत आडबाजूला, नाल्याच्या काठावर होती. तिच्या जवळ झाडं होती ती एकट्या सुगंधाबाईची, तिच्या मोठ्या जावेची.

या सुगंधाबाईनं अलीकडे घरच्या दोन खोल्या सारवून-पोतारून पाहुण्यांसाठी उघडल्या होत्या. अभयारण्याच्या गेटाजवळची रिसॉर्टं बाहेरच्या लोकांची, गावच्या माणसाला तिथं भांडी घासायचं काम. घरी पाहुणा उतरला तरच गावाच्या हाताला काही लागतं, आणि म्हणून ती पाहुण्याला तळहातावरच्या फोडासारखी जपायची.

त्या आठवड्यात पुण्याची केतकीताई आली होती. बाई खरंच चांगली. पाण्याची बाटली स्वतःची, प्लास्टिकचा कपटाही टाकायची नाही, अंबाडीची भाजी मागून घ्यायची. जिप्सींच्या रांगा लावून वाघाला घेरणं पटत नाही म्हणून सफारीलाही गेली नव्हती. तिला मोह वेचायला यायचं होतं.

"सुगंधाताई, एक विनंती होती," चुलीजवळ बसून ती म्हणाली. "उद्या पहाटे थोडा वेळ सगळ्या शांत राहाल? मला पाखरांचे आवाज रेकॉर्ड करायचेत. जमत नसेल तर अगदी मोकळेपणानं सांगा."

सांगायला हवं होतं. पण मागच्या साली हाळीचं कारण ऐकून पाहुण्यांचं एक कुटुंब ताटावरून उठून निघून गेलं होतं, आणि ते सुगंधाबाईच्या मनातून गेलं नव्हतं.

"जमते ना," ती म्हणाली. "काऊन नाई जमत?"

साऱ्या बायांना तिनं घरोघर जाऊन सांगितलं. बुधरी तेवढी अडून बसली.

"बाई, माही झाडं नाल्यावर हायेत. मले भेव लागते."

"रोज तं बोंबलतेच. एक दिवस तोंड बंद ठेवलं तं मरशीन का व?"

बुधरी हसली. जावेपुढं तिचं कधी चालत नसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे केतकीताई सुगंधाबाईच्या झाडाखाली कानाला यंत्र लावून, डोळे मिटून बसली. जंगल कसं भरून आलं होतं पाखरांनी. मग नाल्याकडून चितळ ओरडलं, भ्यालेलं. सुगंधाबाईनं मान वर केली. पाठोपाठ बारीक, दबकत आलेली हाळी तिनं ऐकली. "कूऽऽ."

केतकीताईनं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं. सुगंधाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं सांगून या बाईला दम निघत नाही. तिनं पाहुणीला हातानंच 'राहू द्या' म्हणून खुणावलं आणि ओठावर आलेली ओ गिळली.

हाळी पुन्हा आली नाही. समजली वाटते, असं मनाशी म्हणत ती फुलं वेचत राहिली.

यंत्र बंद झाल्यावर तिनं मोकळ्या गळ्यानं हाळी दिली. ओ आली नाही. पुन्हा दिली. मग काठ्या आपटत साऱ्या धावल्या. नाल्याच्या काठावर टोपली कलंडलेली होती, एक चप्पल होती, आणि ओढत नेल्याची घसट बांबूत गेली होती. पुढचं सांगवत नाही. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, संध्याकाळच्या आत माती झाली.

केतकीताई रडून रडून अर्धी झाली होती. "मी विचारलं होतं ना हो. तुम्ही का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुम्ही राह्यल्या असत्या का?" सुगंधाबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अंगणात गावच्या बाया बसल्या होत्या. बुधरीचा नवरा वारलू केतकीताईपुढं येऊन उभा राहिला. त्याच्या घरात बायकोचा साधा फोटोही नव्हता.

"ताई, तुमच्या मशीनीत तिचा आवाज असन तं आयकवा."

केतकीताईनं सुगंधाबाईकडं पाहिलं. तिनं नको म्हणायला पाहिजे होतं, पण कोणत्या तोंडानं म्हणणार? यंत्र सुरू झालं. पाखरं, पाखरं, मग चितळ. मग ती बारीक हाळी, "कूऽऽ".

"ओऽऽ," अंगणातल्या साऱ्या बाया एकदम बोलून गेल्या. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. आणि लगेच रडायला लागल्या.

वारलू रडला नाही. तो यंत्राला कान लावून तसाच उभा होता. आत पाखरं चालूच होती.

"इची झाडं तुह्याच बाजूले होती ना, वैनी," तो म्हणाला. "तू ओ देली असशीन ना. मंग ते काऊन नाई आयकू येत?"