मला पुन्हा सायकलीला लावू नका

मी एक जुने चाक आहे. वयाने तशी फार जुनी वस्तू नव्हे, पण माझे काम संपले आहे म्हणून जुने म्हणायचे. वेगाने पळणाऱ्या सायकलीचे मी पुढचे चाक. कार्बनचे, काळेभोर, चकचकीत. मित्रांनो, वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी तसे काही मागणार नाही. माझ्यामुळे एक चांगला माणूस जिवानिशी गेला, आणि त्याचा दोष त्याच्या बायकोने मुकाट्याने स्वतःवर घेतला. तो दोष तिचा नव्हता. मला बोलता आले असते तर मी तिला त्याच दिवशी सांगितले असते.

कार्बनचे चाक म्हणजे काळ्या धाग्यांचे कापड. ते साच्यात थरावर थर बसवतात, मध्ये राळ भरतात आणि तापवून घट्ट करतात. थर नीट बसायला वेळ द्यावा लागतो. माझ्यासाठी तो कुणी दिला नाही. कडेपाशी थर चुरगळले आणि आत पोकळी राहिली. जिथे मी बनले तिथे ती पोकळी सगळ्यांनी पाहिली. मला तिथेच मोडून टाकायला हवे होते. त्यांनी तिच्यात लांबी भरली. भिंतीच्या भेगेत भरतात तसलीच, करडी. मग घासून वर काळा मुलामा दिला आणि त्यावर मोठी पांढरी अक्षरे चिकटवली. त्या अक्षरांची मला किळस येते. आतली घाण झाकायला इतकी सुंदर अक्षरे!

मला विकत घेतले मधुकर चिंचोळकर यांनी. घराणे नागपूरकडचे. वडील सरकारी कचेरी हलली तेव्हा तिच्याबरोबर भोपाळला आले, आणि मधुकररावही तिथेच नोकरी करून निवृत्त झाले. घर शहराच्या कडेला, मिसरोदला. रविवारी सकाळी ते सायकल चालवणाऱ्यांच्या एका गटाबरोबर जात. त्यांच्या सायकलीला अॅल्युमिनियमची साधी चाके होती, आणि ती उत्तम चालत होती. गटाचे पुढारी विक्रांत. त्यांचा एम. पी. नगरात कोचिंग क्लास आहे. एकदा चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर ते म्हणाले,

"काका, फ्रेम रेसची आणि पहिए ठेल्याचे! लोग हँसते हैं."

"हसू देत रे. तुझ्याबरोबर पोहोचतो ना मी?"

"पोहोचता की. पण तुमच्या आधी तुमचा आवाज पोहोचतो!"

सगळे हसले. मधुकररावही हसले. घरी येऊन मात्र ते फोनवर चाके पाहत बसले. चांगले कार्बन पेन्शनीत बसणारे नव्हते. शेवटी सगळ्यांत स्वस्त असलेले मी आणि माझे मागचे जोडीदार चाक त्यांना सापडलो.

त्यांची मुलगी अदिती म्हणाली, "बाबा, इतक्या स्वस्तात खरं कार्बन येतं का?"

"अगं, सगळ्यांनी पाच-पाच तारे दिलेत."

"चालवून दिलेत, की खोका उघडल्या उघडल्या?"

"पुस्तकं घेताना तू असल्या चौकशा करत नाहीस बरं!"

त्या रविवारी माझे कौतुक झाले. विक्रांत यांनी बोटाच्या पेराने मला ठोकून पाहिले आणि म्हणाले, "वाह काका! अब आप हमारे हुए." म्हणजे इतके दिवस ते कुणाचे होते? मधुकररावांचा चेहरा फुलला, आणि मला तो फुललेला चेहरा पाहवेना.

मग दसरा आला. मंदाकिनीबाईंनी, म्हणजे मधुकररावांच्या पत्नीने, अंगणात स्कूटर आणि सायकल धुऊन ठेवली. वाटीत तेलात कुंकू कालवले.

"अहो, सायकलीवर कुठे काढू?"

"चाकावर काढ. नवं तेच आहे."

त्यांनी बोटाने माझ्यावर स्वस्तिक काढले. तेलाचा एक ओघळ ब्रेक जिथे घासतो तिथपर्यंत आला. अदितीने फडके घेतले, तर मंदाकिनीबाई म्हणाल्या, "पूजेचं पुसू नये गं. आपोआप जातं."

खरोखरच ते आपोआप गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकरराव निघाले तेव्हा पहिल्या दोन चौकांतच ब्रेकच्या रबराने ते तेल टिपून घेतले. पुढे भाजीची गाडी अचानक आडवी आली, तेव्हा मी जागच्या जागी थांबले. हे मी शपथेवर सांगते. त्यानंतर श्यामला हिल्सचा लांब उतार लागला. मधुकरराव जपून चालवणारे. ब्रेक दाबूनच ते उतरत होते. रबर घासत राहिले, मी तापत गेले, आणि ती लांबी सुटली. माझी कड फुगली, टायर निसटला. मधुकरराव रस्त्यावर पडले ते परत घरी आले नाहीत.

विक्रांत भेटायला आले. माझ्यावर कुंकवाचा फिकट डाग राहिला होता. तो पाहून ते चहाचा कप हातात धरून म्हणाले, "काकू, ब्रेकवर तेल लागलं होतं ना? बस, वही तो! वाईट वाटून घेऊ नका, होतं असं."

त्या दिवसापासून मंदाकिनीबाईंनी केसांना तेल लावले नाही. देवापुढचा दिवा अदिती लावायची. "आई, तू नको मनाला लावून घेऊस," ती म्हणायची. आणि मी अंगणात भिंतीला टेकून उभे होते, पांढऱ्या अक्षरांसकट.

काही आठवड्यांनी विक्रांत पुन्हा आले. "अदिती, हे पहिए पडून पडून खराब होतील. थोडं फिलिंग करू, वरून कोट मारू. गटात एक नवा मेंबर असेच पहिए शोधतोय. काकांची आठवण चालती राहील."

अदितीने शांतपणे विचारले, "फिलिंग म्हणजे काय भरतात?"

"अरे, लांबी-बिंबी. ऊपर से पता भी नहीं चलता!"

ती आत गेली आणि लोखंड कापायची करवत घेऊन आली. नाकाला ओढणी बांधून ती माझ्या फुगलेल्या कडेशी बसली. विक्रांत "अरे, अरे" म्हणत राहिले. करवत काळ्या थरातून आत गेली आणि करडा भुगा फरशीवर पडला.

मंदाकिनीबाई बाहेर आल्या. "ही माती कसली गं?"

"लांबी आहे, आई. बाबांनी चाक घेतलं तेव्हापासून आत होती. ब्रेकने तापली आणि सुटली. तेलाने कड फुगत नाही."

त्या खाली बसल्या. भुग्याची चिमूट त्यांनी बोटांत चुरली.

"म्हणजे माझ्या..."

"नाही, आई. तुझ्यामुळे नाही."

भुगा झटकून त्या उठल्या. मग विक्रांतकडे पाहून म्हणाल्या, "आज चहा नाही होणार. तू जा." ते गेल्यावर त्या अदितीच्या खांद्यावर डोके ठेवून रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मोठ्याने.

मित्रांनो, जपण्याजोग्या वस्तू जरूर जपा. पण जी आतून फसवी आहे, ती मुलामा देऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. तिचे तुकडे करा. मला तोडले, याचा मला आनंद आहे.

अदितीने दोन्ही चाके कापून पोत्यात भरली. सकाळी कचरागाडी आली तेव्हा पोते मंदाकिनीबाईंनी स्वतः उचलून नेले. गाडीवाल्याने आत डोकावून पाहिले.

"अम्मा, ये तो महँगी चीज़ लगती है."

"लगती है, भैया," त्या म्हणाल्या. "इसीलिए काट के दे रहे हैं."