चाक वाकडं नाही

मी एक जुनं चाक आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझं बोलणं टोचलं तर कोणी तक्रार करायला नको. म्हाताऱ्या वस्तूंनी गोडगोड बोलावं, झिजता झिजता सगळ्यांना आशीर्वाद द्यावेत, अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते जमत नाही. तेहतीस वर्षं माझ्यावर एक आळ आहे. आणि ज्याने तो घेतला, तो रोज माझ्याच पुढ्यात बसून पोट भरतो.

मी कुंभाराचं चाक. पायाने फिरवायचं. खाली पायाशी मोठी जड तबकडी, वर हाताशी लहान, आणि मधे दांडा. जेर्बा बेटावरच्या गेल्लाला गावात माझा जन्म झाला. यूनुस कुंभाराच्या शेतातलं ऑलिव्हचं झाड वादळात पडलं, तेव्हा शेजारी म्हणाले, जाळायला छान आहे. यूनुस म्हणाला, जाळायला खजुराच्या फांद्या आहेत की. त्याने अख्खा हिवाळा बसून मला तासलं. ओळंबा लावून पाहायचा, काढायचा, पुन्हा तासायचा. दर शुक्रवारी नमाजाहून आला की माझ्या खुंटीला तेलाचे दोन थेंब देई. लोक म्हणत, यूनुसच्या चाकावर आंधळा बसला तरी रांजण सरळ उतरेल. ते माझे सुखाचे दिवस होते.

मी माणसं पायांवरून ओळखतो. तोंडाचं मला कौतुक नाही. तोंड काय, वाटेल ते बोलतं. यूनुसला दोन मुलगे होते, थोरला सासी आणि धाकटा मूसा. सासी मला फिरवायचा तो दोन जोराच्या लाथा आणि एक हलकी, असा. मूसाचा पाय शांत होता. सासीची आणखी एक खोड फक्त मला ठाऊक होती. खोटं बोलताना त्याच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळे. बापाने विचारलं, किती मडकी झाली, की तो 'वीस' म्हणे आणि तो वळलेला अंगठा माझ्या कडेला टेके. पंधरा झालेली असत.

आमच्याकडे भट्टी चार दिवस जळते आणि मग आठ दिवस निवते. तिचं तोंड मातीने लिंपलेलं असतं. त्या आठ दिवसांत तिला बोट लावायचं नाही. गार हवेचा एक झोत आत गेला, तर दोन महिने सावलीत वाळवलेली भांडी जागच्या जागी तडकतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सासी सतरा वर्षांचा होता, त्यालाही कळत होतं. पण धीर म्हणून नाही त्याच्या अंगात. पाचव्या दिवशी बाप घरात नसल्याचं बघून त्याने लिंपणाला भोक पाडलं आणि आत डोकावला. तड, तड, तड. भिंतीपलीकडून मी ऐकत होतो.

यूनुसने जाब विचारला, तेव्हा सासी म्हणाला, चाक वाकडं झालंय, भांडी एका बाजूने पातळ उतरली, म्हणून तडकली. यूनुसने मला उतरवून ओळंबा लावला. मी सरळ होतो. मग सासी म्हणाला, मूसा भट्टीपाशी घोटाळत होता. मूसा चौदा वर्षांचा. 'मी नाही, मी नाही' म्हणत तो रडला, पण थोरल्याचा शब्द वजनदार पडला. यूनुसने त्याला ट्युनिस शहरात मामाच्या किराणा दुकानात धाडून दिलं. आमच्या बेटावरची निम्मी पोरं तशीही तिकडेच जातात. मूसाच्या हातात सासीपेक्षा जास्त कला होती हो! ते हात साखर तोलायला गेले. यूनुस वारला तो धाकट्याला दोषी समजूनच.

आणि माझ्या कपाळी 'वाकडं' चिकटलं ते चिकटलंच. सासीच्या हातून मडकं बिघडलं की गिऱ्हाइकाला ऐकवायचा, 'काय करणार, चाक जुनं, जरा वाकडंय.' नाचता येईना अंगण वाकडं! वर टाचेने मला एक लाथ. माझ्या कडेचा टवका त्याच टाचेने उडाला. यूनुस गेल्यापासून तेलही बंद. मी कुरकुरलो तर म्हणतो, म्हातारं रडायला लागलं.

मग त्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली. खलीफा थोरला, मबरूका धाकटी. खलीफाने पहिल्यांदा माझ्यावर पाय ठेवला आणि मी दचकलोच. दोन जोराच्या, एक हलकी. तोच पाय, फक्त लहान. सासीला कोण आनंद! येईल त्याला हात धरून आत आणायचा आणि म्हणायचा, 'पाय बघा पोराचा, पाय! माझाच.' चिखल चाकावर ठेवण्याआधी जिभेच्या टोकाने चाखून बघायची सासीची सवय आहे. मीठ किती, वाळू किती, ते जीभ सांगते. मबरूकाने कोणी न शिकवता तेच केलं. गावात कुठलीच मुलगी चाकावर बसत नव्हती, तरी सासीने तिला बसवलं. म्हणाला, जीभ माझी, म्हणजे हातही माझेच असणार. हात मात्र मूसाचे होते. मला कळलं, त्याला नाही.

चांगलं दिसलं की 'माझं'. आणि वाईट दिसलं की? खलीफा उन्हं वर येईपर्यंत लोळला, आईवर गेलाय. मबरूका रुसून दोन दिवस जेवली नाही, मामावर गेलीय. सासी स्वतः रुसला की चार दिवस भिंतीकडे तोंड करून बसतो, ते तो मोजत नाही. त्याची बायको शदलिया चहाचे पेले ठेवता ठेवता म्हणाली, 'बरोबर आहे. चांगलं तेवढं तुमचं, उरलेलं सगळं माझ्या माहेराहून आलंय.' सासीला ऐकू आलं नाही. त्याला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

खाण तशी माती, मित्रांनो. आमच्या गावात माती जमिनीखालच्या खाणीतून येते, तेव्हा हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण खाणीला ते सांगणार कोण?

आता या शरद ऋतूतली गोष्ट ऐका. हमदा कोळ्याने एकशे साठ मडकी सांगितली. ऑक्टोपस धरायची. ती दोरीला ओवून उथळ समुद्रात सोडतात, ऑक्टोपसला वाटतं फुकटचं घर मिळालं, आणि तो आत जाऊन बसतो. पाण्यात लांबून दिसावीत म्हणून हमदाला मडकी पांढरी हवी होती. आमच्याकडे पांढरं भांडं हवं तर चिखल समुद्राच्या पाण्यात भिजवतात. विहिरीच्या पाण्यात भिजवला तर भांडं लाल निघतं. मबरूकाने गाढवावरून समुद्राचं पाणी आणलं, चिखल तुडवला, आणि एकशे साठातली शंभर मडकी तिनेच उतरवली. हमदा बघून म्हणाला, 'पोरीच्या हातची? माझे ऑक्टोपस लाजतील की.' मबरूकाने मान वर केली नाही. पण माझा वेग एकदम वाढला.

भट्टी पेटली, जळली, लिंपली गेली. सासी मेहुण्याकडच्या लग्नाला बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मोसम तोंडावर होता. हमदा विचारायला आला, तेव्हा खलीफाने कोणाला न विचारता शब्द देऊन टाकला, 'परवा या काका, घेऊन जा.' एकोणीस वर्षांचा घोडा. मोठ्यासारखं बोलायची हौस. मग शब्द दिलाय तर बघायला हवं, म्हणून गेला भट्टीकडे. पाचवाच दिवस होता.

तड, तड, तड.

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी मी अख्खं गाव गोळा केलं असतं. तेहतीस वर्षांनी तोच आवाज! मबरूका धावत आली. खलीफा घाईघाईने भोक लिंपत होता. ती एवढंच म्हणाली, 'बाबा आले की तूच सांग. मी चुगली करणार नाही.'

आठ दिवस झाले, लग्नाहून परतलेल्या सासीने भट्टी उघडली. एकशे साठातली एकतीस धड निघाली. हमदा दारातच उभा होता. सासीने खापरांचा ढीग माझ्यासमोर ओतला आणि मुलाकडे वळला.

'चाक वाकडंय, बाबा,' खलीफा म्हणाला. 'तुम्हीच म्हणता ना.'

बापाच्या कपाळावरची आठी गेली नाही. तेव्हा पोराने पुढचं काढलं. 'आणि मबरूकाने पाणी चुकवलं. समुद्रावर जायचा आळस केला, विहिरीचंच ओतलं, म्हणून तडकली. मी तरी म्हणत होतो, मुलीला बसवू नका.'

हमदा म्हणाला, मी पहिल्या दिवशीच बोललो होतो. झालं! चारचौघांत नाक कापलं गेलं की सासीचं डोकं चालत नाही. तो मबरूकावर ओरडला, 'ऊठ तिथून. आजपासून या चाकाला पाय लावायचा नाही.' मुलगी उठली. भिंतीकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभी राहिली. ती आता परत बसणार नव्हती, कारण सासी दिलेला शब्द मागे घेत नाही, आणि ती तरी कुठे विनवणार होती. मूसा गेला तसे हे हातही चालले होते, आणि मी लाकडाचा ठोकळा, नुसता बघत होतो.

सासीने फेकायला एक खापर उचललं. हात वर गेला, आणि तिथेच थांबला. खापर पांढरंशुभ्र होतं. विहिरीच्या पाण्याचं असतं तर लाल झालं असतं. बाप कुंभार, आजा कुंभार, आणि पोराला खोटं बोलताना रंगाची आठवण राहिली नाही.

मग सासीने खाली पाहिलं. खलीफा अनवाणी होता. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळून धुळीत रुतला होता.

'हमदा, तू घरी जा,' सासी म्हणाला. 'तुझ्या मडक्यांचं मी बघतो.' हमदा गेल्यावर त्याने खापर पोराच्या नाकासमोर धरलं. 'हे विहिरीचं पाणी? भट्टी तू उघडलीस. भोक पाडलंस, आणि नाव बहिणीचं! खोटारड्या, कोणावर गेलास तू?'

मारायला हात उगारला त्याने. दारात शदलिया उभी होती.

'या वेळी माझ्या माहेराचं नाव घेऊ नका,' ती म्हणाली.

तो हात हळूहळू खाली आला. सासी माझ्या बैठकीवर बसला आणि मला धरून राहिला. आणि मग त्याने सांगितलं. सतराव्या वर्षी भट्टी आपणच उघडली होती. आधी चाकाचं नाव घेतलं, मग मूसाचं. हे सांगताना त्याचे दोन्ही पाय माझ्यावर होते. अंगठे सरळ होते.

मला वाटलं, आता पोरगा रडेल, पाया पडेल. कसलं काय! तो बापाचाच पोर. उलट उसळला.

'मूसाकाकाला सांगितलंत हे?'

'नाही.'

'आजोबांना?'

'नाही.'

'मग मला कुठल्या तोंडाने विचारता?'

सासीने खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर ट्युनिसला लावला. मूसाचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, कारण दुकानदाराला मोठ्याने बोलायची सवय असते. सासी नमस्कार-चमत्कार विसरला. 'मूसा, ती भट्टी मी उघडली होती,' एवढंच बोलला.

तिकडे दुकानातली गडबड चालू होती.

'मला काय सांगतोस?' मूसा म्हणाला. 'मला तेव्हाच ठाऊक होतं. सांगायचं होतं ते बाबांना.' आणि म्हणाला, समोर गिऱ्हाईक उभं आहे. फोन बंद झाला.

सासी तसाच बसून राहिला, फोन कानाला लावून. कोणी त्याची समजूत काढली नाही. मीसुद्धा खूश झालो नाही, खरं सांगतो. तेहतीस वर्षं याच क्षणाची वाट पाहिली होती, आणि क्षण आला तेव्हा यूनुस नव्हता. खलीफाने चपला घातल्या. कुठे चाललास, असं आईने विचारलं. 'हमदाकाकांकडे,' तो म्हणाला. 'त्यांना सांगतो, मबरूकाची चूक नाही, भट्टी मी उघडली.' त्याला कोणी पाठवलं नव्हतं. आमची कामाची खोली अर्धी जमिनीखाली आहे, दारातून वाकून तो वर चढला आणि गेला.

सासीने मुलीला हाक मारली, 'ये, बस.' ती आली नाही. दोन दिवस आली नाही. बापाचीच लेक ती. तिसऱ्या दिवशी आली, चिखल जिभेला लावून पाहिला आणि कामाला लागली. फुटलेली एकशे एकोणतीस मडकी पुन्हा करायची होती. हमदाचा अर्धा मोसम हुकला, आणि तो वर्षभर ऐकवणार आहे.

मुलांमध्ये आपले पाय, आपली जीभ, आपलं हसू शोधत फिरणारे बाप मी पुष्कळ पाहिले. त्यांना मी एवढंच म्हणतो, की शोधताय तर सगळं शोधा. तुम्ही लपवलेलंही तिथेच सापडेल. आणि मित्रांनो, तुम्हाला माझी विनंती आहे, नाही, विनंती कसली, बजावतोच. ज्याला बोलता येत नाही, किंवा ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याच्या माथी आपलं खापर फोडू नका. फोडून बसला असाल, तर ज्याला सांगायला हवं त्याच्याकडे आज जा. खलीफा उठला आणि पोचला, कारण हमदा घरी होता. सासी पोचायला निघाला तेव्हा त्याच्या बापाची कबर जुनी झाली होती.